मूल काही सांगू लागलं की तोंड कसं मिटावं

जत्रेच्या नाटकाच्या तालमी, भजनाचे वर्ग, सुट्टीतली शिबिरं... फोंड्याच्या बाजूला वाड्यावरची मुलं गोळा करायचं काम मी वर्षानुवर्षं करते. दोन मोठी माणसं कायम हजर, न्यायला कोण येणार ते वहीत, रंगभूषेच्या खोलीचं दार उघडं. एवढं तुम्ही करतच असाल.

अडतं ते पुढे, कुणी लैंगिक छळ केल्याचं मूल सांगू लागतं तेव्हा. तालीम संपल्यावर एखादी पोर रेंगाळते आणि हळूच म्हणते, "टीचर, एक सांगूं?"

पहिल्या वेळी मी माती खाल्ली. "कोण? कधी? खरंच?" असा भडिमार केला. पोर गप्प. मग समितीतल्या ज्येष्ठांनी तिला बोलावून विचारलं, मग मामीने. दर वेळी हकिकत थोडी बदलली आणि लोक म्हणाले, "पाहा, खोटं बोलते." खोटं काही नव्हतं. प्रत्येकाने वेगळं विचारलं, तिने तसं उत्तर दिलं.

म्हणून नुसतं ऐका. ती थांबली तर थांबू द्या, फार तर "मग?" म्हणा. "तिकडे गेलीसच का?" हे तर मुळीच नको. "कुणाला सांगणार नाही" अशी शपथ घेऊ नका, ती मोडावीच लागते. "सांगितलंस ते बरं केलंस. मदत करणाऱ्यांना मात्र मला सांगावं लागेल," एवढं पुरे.

लगेच वहीत तारीख, वेळ आणि तिचेच शब्द लिहा. कोकणीत बोलली तर कोकणीतच. आपल्याला इतिवृत्त शुद्ध मराठीत लिहायची खोड. अवयवाला ती जे म्हणाली त्याचं "गुप्तांग" केलंत की ती तिची साक्ष राहत नाही, तुमची होते.

मग १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ (आपत्कालीन मदत) वर फोन करा. संशय घरातल्यावर असेल तर हा फोन घरी कळवण्याआधी. "गावातच मिटवूया" म्हणणाऱ्यांना सांगा, २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून वाचवणारा कायदा) कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथे होतो, पोलीस गणवेशात नसावेत, आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. हे ठामपणे मागा. व्हॉट्सॲपवर नाव, शाळा, वाडा काहीही टाकू नका.

 

पोर पुन्हा तालमीला आली तर तिची भूमिका तिलाच द्या.