मुलांना घेऊन ठाणे-नवी मुंबई फिरताय? या चुका टाळा

एप्रिलमध्ये सांगलीहून भाचा आला, वय वर्षं सात. भर दुपारी बारा वाजता त्याला घेऊन सीवूड्सच्या पाणथळीवर उभा होतो. समोर पाणी, दोन बगळे आणि डोक्यावर ऊन. "मामा, गुलाबी पक्षी कुठायत?" पक्षी खाडीतच होते, फक्त दिसतील एवढ्या जवळ नव्हते. त्या दिवशी अष्टमी होती आणि मी भरती-ओहोटी बघितलीच नव्हती.

ही इथली सगळ्यात मोठी चूक. ओहोटीला ठाणे खाडीतला चिखल उघडा पडतो आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, तिथे चरायला जातात. भरतीने चिखल बुडाला की थवेच्या थवे उठून सीवूड्स-नेरूळच्या पाणथळींवर उतरतात. म्हणजे काठावरून बघायचे असतील तर भरती गाठायची. वेळ काढायला ॲप लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तिथीची पाऊणकी करा, म्हणजे तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा. दशमी असेल तर दहा पाऊण साडेसात, म्हणजे साडेसातच्या सुमाराला पूर्ण भरती, सकाळी आणि साधारण तशीच संध्याकाळी. आमच्या अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे बाराला पुरती ओहोटी! हिशेब अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास पुढेमागे धरा. पण सात वर्षांच्या मुलाला हे गणित पक्ष्यांइतकंच आवडतं, हे मात्र मला नंतर कळलं.

ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने जायचं असेल तर आधी बुकिंग करा. खाडी उथळ, त्यामुळे बोटीच्या वेळाही भरतीवरच ठरतात आणि रोज बदलतात. मुलांना आदल्या रात्री एक गोष्ट सांगून ठेवा. सगळे पक्षी गुलाबी नसतात. पिल्लं करडी असतात, गुलाबी रंग पुढे खाण्यातून येतो. नाहीतर बोटीत रडारड ठरलेली, "हे तर पांढरे आहेत!" आणि गणपतीच्या सुट्टीत आलात तर फ्लेमिंगोंचा विषयच काढू नका. त्यांचा मुक्काम साधारण नोव्हेंबर ते मे.

फुलपाखरांचं वेगळं, त्यांना भरती नाही, ऊन लागतं. घोडबंदर रोडवरच्या ओवळेकर वाडीत सकाळी सहाला पोचून काही उपयोग नाही. पंखांना ऊन लागल्याशिवाय फुलपाखरं उडत नाहीत. नऊ ते अकरा बरं, आणि आभाळ असेल तर बेत पुढे ढकला. वाडी रोज उघडी नसते, तेव्हा चौकशी करूनच निघा. तसंच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद. पाहुणे नेमके रविवारी दमतात आणि सोमवारी जंगल बघू म्हणतात.

दुसरी हमखास चूक म्हणजे सकाळी ठाण्याजवळचं येऊरचं जंगल, दुपारी नेरूळचं वंडर्स पार्क, संध्याकाळी तलावपाळी, म्हणजे ठाण्यातल्या मासुंदा तलावाचा काठ. नकाशावर हे सगळं हाताच्या अंतरावर दिसतं. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये मागच्या सीटवर उलटी झाली की अंतर कळतं. एका दिवसात खाडीची एकच बाजू करा. नवी मुंबईला जायचं तर गाडी ठाण्यातच ठेवा आणि ट्रान्स हार्बर लोकल पकडा. ऐरोलीच्या आधीचा पारसिकच्या डोंगरातला बोगदा हे मुलांसाठी फुकटातलं आकर्षण आहे, तिथे ओरडायची मुभा द्या.

पावसाळ्यात खारघरच्या पांडवकडा धबधब्याखाली मुलांना नेऊ नका. जाऊन आलेले सांगतील, काही होत नाही. खाली पाऊस नसला तरी वर डोंगरात तो पडत असतो आणि ओढ्याला मिनिटांत पाणी चढतं. इथे माणसं वाहून गेली आहेत, म्हणून तर पावसाळ्यात बंदी घालतात. धबधबा लांबून, रस्त्यावरून दिसतो तेवढा पुरे.

खाण्याचं थोडक्यात. ठाण्यातली प्रसिद्ध मामलेदारची मिसळ मोठ्यांसाठी आहे. कमी तिखट मागवली तरी लहान मुलाच्या डोळ्यांतून पाणी येतंच. भाच्याला मी तीही चूक करून दाखवली. मग तलावपाळीवर आइस्क्रीम, त्यानंतर मासुंद्यात बोटिंग. बोटिंगला मंगळवार-बुधवार गाठा, रविवारी संध्याकाळी तिकिटाच्या रांगेतच मूल झोपतं.

पुढच्या खेपेला येण्याआधी भाच्याने फोनवर तिथी विचारली. पंचमी म्हटल्यावर म्हणाला, "मग पावणेचारला, मामा."