भंगारातला जुना कन्व्हेयर सरपणासाठी पुन्हा कसा चालू करावा

सरपण फोडताना माणूस दमतो, पण कंबर मोडते ती फोडी उचलून रास घालताना. म्हणून भंगारात एखादा जुना कन्व्हेयर, म्हणजे माल वाहून वर चढवणारा फिरता पट्टा किंवा चेन, दिसला, मग तो गवताचे गठ्ठे चढवायचा असो की पोती, की हात शिवशिवतात. आणि बऱ्याचदा त्याचं फारसं बिघडलेलं नसतं. दोन बेअरिंग जाम, चेन गंजलेली, मोटार कुणीतरी काढून नेलेली, एवढंच.

माझ्या पहिल्या कन्व्हेयरवर मी तीन दिवस नुसता रंग काढण्यात आणि लावण्यात घालवले. नव्या कोऱ्या यंत्रासारखा चकाकत होता. चालू केला आणि दहा मिनिटांत खालच्या दातेरी चाकाखाली सालीचा आणि ढलप्यांचा गोळा बसला, चेन दातांवरून उडाली आणि माल ढकलणाऱ्या दोन आडव्या पट्ट्या वाकल्या. तेव्हा कळलं की कन्व्हेयर लाकडाच्या वजनाने मरत नाही, लाकडाच्या कचऱ्याने मरतो. पुढे सांगितलेली सगळी दुरुस्ती हेच डोक्यात ठेवून करायची आहे.

१. उचलण्याआधी पारखून घ्या

आधी पट्ट्याचा आहे की चेनचा, ते बघा. गुळगुळीत रबरी पट्ट्यावर साधारण २० अंशांच्या पुढे फोडी घसरायला लागतात आणि लाकडाच्या धारदार कडा रबर कापतात. चेनवर आडव्या पट्ट्या असलेला कन्व्हेयर ३० ते ३५ अंशांपर्यंत निमूट काम करतो. दोन्ही मिळत असतील तर विचार न करता चेनवाला घ्या.

मग पन्हळीची, म्हणजे ज्या पत्र्याच्या खोबणीतून माल सरकतो तिची, रुंदी मोजा. इथे बहुतेक जण फसतात. पन्हळ फोडीच्या लांबीएवढीच रुंद असेल तर ती सर्वांत वाईट, कारण फोड आडवी होते आणि दोन्ही बाजूंना पाचरीसारखी अडकते. फोडी ४० सेंमीच्या असतील तर पन्हळ २५ सेंमीच्या आसपास हवी, म्हणजे फोड उभीच पडते. नाहीतर सरळ ५० सेंमीच्या वर.

सांगाड्याच्या एका टोकाला डोळा लावून कडेने बघा, किंवा दोरी ताणा. पीळ बसलेला सांगाडा सरळ करत बसू नये. गंज दिसेल तिथे हातोडीने ठोका: ठणठणीत आवाज आला तर गंज वरवरचा, भसका आवाज आला तर पत्रा आतून गेलाय. वेल्डिंगच्या टाक्यांजवळ बारीक भेगा शोधा, खास करून चाकांचा आस बसतो तिथे आणि वर उचलायच्या सांध्याजवळ. चेन, बेअरिंग, मोटार नवी आणता येते. सहा मीटर सरळ सांगाडा मात्र सहज मिळत नाही.

२. खोलणं

उचललेला भाग आधी पूर्ण जमिनीवर टेकवा. वर उचलणारी विंच किंवा केबल ताणात असताना एकही बोल्ट सोडायचा नाही. आतला सांगाडा धाडकन खाली आला तर पळायला वेळ मिळत नाही.

खोलताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. जाम नटांवर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर सोडा, सकाळी हातोडीने हलके ठोके द्या, मग पाना लावा. तरी हलला नाही तर नट तापवायचा. फक्त एक सांभाळा: बंद पोकळ रोलर किंवा ड्रम कधीही तापवू नका. आत अडकलेली हवा आणि ओल फुगून तो बाँबसारखा फुटू शकतो. सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर वेल्डिंगच्या जागचं जस्त आधी घासून काढा. त्याच्या धुराने ताप आणि थंडी भरते. आणि खूप जुना रंग असेल तर त्यात शिसं असण्याची शक्यता धरून चाला: कोरडा घासून धूळ उडवू नका, रंग काढायचं रसायन वापरा.

३. चेन आणि दातेरी चाकं

चेन ताणून जमिनीवर ठेवा आणि टेप लावा. समजा एका कडीचं मूळ अंतर ५० मिमी आहे. १२ कड्यांचं माप ६०० मिमी यायला हवं. ६०५ आलं तर चालेल, ६१८ आलं म्हणजे ३ टक्के वाढली, ती चेन संपली. चेन खरं तर ताणली जात नाही, प्रत्येक पिन थोडी थोडी झिजते आणि ती झीज एकत्र दिसते. एकाच ठिकाणी मोजून थांबू नका, तीन-चार जागी मोजा.

कड्या नुसत्या गंजून ताठ झाल्या असतील तर चेन डिझेलमध्ये रात्रभर भिजवा (उघड्यावर, आगीपासून लांब) आणि प्रत्येक कडी हाताने वाकवत मोकळी करा. कंटाळवाणं काम आहे, पण ताठ राहिलेली एकच कडी प्रत्येक फेरीला चाकावर धक्का देत राहते. मोकळी झाल्यावर पातळ तेल लावा. ग्रीस फासू नका. त्यात भुसा बसून वाळूच्या कागदासारखा लेप तयार होतो.

चाकाचे दात एका बाजूला आकड्यासारखे वळलेले दिसत असतील तर त्यावर नवी चेन घालणं म्हणजे पैसे पाण्यात. पण चाकाचा गाभा दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर चाक शाफ्टवर उलटं करून बसवून बघा. न झिजलेली बाजू कामाला येते आणि चाकाला दुसरं आयुष्य मिळतं.

४. बेअरिंग

हाताने फिरवा. खरखर लागली किंवा हलवल्यावर खेळ जाणवला तर बदला. नंबर पुसट दिसत असला तरी शेवटचे दोन आकडे कामाचे असतात: त्यांना ५ ने गुणलं की आतलं माप मिळतं. ६२०५ म्हणजे २५ मिमी, यूसीपी २०६ म्हणजे ३० मिमी. हे ०४ आणि त्यापुढच्या आकड्यांना लागू. बदलण्याआधी शाफ्टवर नख फिरवा. खाच लागली तर जुनं बेअरिंग शाफ्टवरच फिरत होतं. तसल्या शाफ्टवर नवं बसवलं तर तेही फिरेल.

५. तळ, पट्ट्या आणि खालचं टोक

इथे घाई करू नका. आठवड्यातले दोन दिवस खर्च करायचे असतील तर ते इथे करा.

गठ्ठ्यांसाठी बनवलेल्या पन्हळीचा पत्रा पातळ असतो. वरून ओलं लाकूड आदळलं की त्याला पोचे पडतात आणि पोच्यात पट्टी अडते. जिथे लाकूड पडतं त्या दीड-दोन मीटर भागावर ३ मिमीचा पत्रा घाला. दोन पत्रे एकमेकांवर चढवताना चेन ज्या दिशेने जाते तिकडे लक्ष द्या: पट्टीने वरच्या पत्र्यावरून खालच्यावर उतरायला हवं, उलटं झालं तर कडेत पट्टी रुतेल. बोल्ट सपाट डोक्याचे, तळाशी बुडवलेले.

जुन्या पट्ट्या लाकडी किंवा बारीक सळईच्या असतील तर काढा. ४० बाय ४० बाय ५ मिमीचा अँगल दर ६० ते ७५ सेंमीवर बसवला की पुरतं. दोन चेनचा कन्व्हेयर असेल तर दोन्ही बाजूंच्या कड्या मोजूनच पट्टी लावा. एका कडीचा फरक झाला तरी पट्टी तिरकी धावते आणि पन्हळीची कड खरवडते.

आता ते खालचं टोक. फोडींसोबत साल, ढलप्या, माती पडते. ती फटीतून खाली परतणाऱ्या चेनवर येते आणि चेन ती इमानदारीने खालच्या चाकापर्यंत वाहून नेते. त्या चाकाखाली बंद पत्रा असेल तर कचरा जाणार कुठे? म्हणून चाकाखालचा पत्रा कापून काढा आणि चाक जमिनीपासून निदान एक वीत वर राहील असं बघा. उघड्या भागाला बाजूंनी जाळीचं संरक्षण लावा, नाहीतर बोटं जातील. वरून फोडी टाकायच्या घसरगुंडीचा तळही पत्र्याचा न करता सळयांचा करा, ३-४ सेंमी फट ठेवून. निम्मा कचरा कन्व्हेयरवर येण्याआधीच खाली गळतो. एवढी एक गोष्ट मला आधी सुचली असती तर त्या दोन पट्ट्या वाकल्या नसत्या.

६. मोटार आणि वेग

ओढणारं चाक वरच्या टोकाला हवं, म्हणजे भरलेली बाजू ताणात राहते आणि सैल बाजू खाली लोंबते.

वेग मिनिटाला २० मीटरच्या आसपास ठेवा. हिशोब सोपा आहे. ८ दातांचं चाक, ५० मिमीची कडी: एका फेऱ्यात ०.४ मीटर. २० मीटरसाठी मिनिटाला ५० फेरे हवेत. १४४० फेऱ्यांच्या मोटारीला ३० ला १ चा वर्म गिअरबॉक्स (स्क्रूसारख्या दांड्याने दातेरी चाक फिरवून वेग कमी करणारा) लावला की ४८ फेरे मिळतात, म्हणजे मिनिटाला १९ मीटर. जमलं.

ताकदीचंही तसंच. ६ मीटर लांबी, दर मीटरला २५ किलो, म्हणजे १५० किलो लाकूड. ३० अंशांवर, तळाचं घर्षण धरून, ते ओढायला साधारण ४५० वॉट लागतात. वर्म गिअरबॉक्स तिसरा हिस्सा तरी उष्णतेत घालवतो, चेनचं घर्षण वेगळंच. दीड अश्वशक्तीची मोटार बरी पडते. पाचची लावू नका: फोड अडकली तर छोटी मोटार थांबते, मोठी काहीतरी मोडते.

स्टार्टर असा घ्या की वीज जाऊन परत आली तर यंत्र आपोआप सुरू होणार नाही, आणि त्यात जादा भाराचा रिले, म्हणजे भार वाढला की मोटार बंद करणारा भाग, असेल. लाल बंद बटण लाकूड टाकणाऱ्याच्या हाताशी हवं, वरच्या टोकाला नाही. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. तीन फेजची मोटार उलटी फिरली तर कुठल्याही दोन फेज अदलाबदल केल्या की काम झालं. ही दिशा चेन जोडण्याआधीच तपासा.

७. ताण आणि चाचणी

चेन वीणेच्या तारेसारखी ताणू नका. खालच्या बाजूला दोन आधारांमध्ये २ मीटर अंतर असेल तर मधोमध ४ सेंमी झोळ असू द्या. दोन्ही बाजूंचे ताण-बोल्ट सारखे फिरवा आणि शाफ्ट सांगाड्याला काटकोनात आहे का ते कर्ण मोजून बघा.

अर्धा तास रिकामा चालवा. बंद करून, प्लग काढून खिशात टाका आणि प्रत्येक बेअरिंगवर हात ठेवा. हात ठेववत नसेल तर काहीतरी वाकडं बसलंय. मग दहा फोडी, मग पूर्ण भार. भरलेला असताना मुद्दाम बंद करा: माल मागे सरकतो का, आणि पुन्हा सुरू होतो का? वर्म गिअरबॉक्स बहुधा माल धरून ठेवतो, पण हादऱ्यांनी हळूहळू सुटूही शकतो, म्हणून थांबलेल्या भरल्या कन्व्हेयरखाली कुणी जायचं नाही. मोटार वर असल्याने टोक जड झालेलं असतं. पूर्ण उंचीवर कुणी आधार न देता उभा राहतो का ते बघा आणि चाकांना दगडाची किंवा ठोकळ्याची ओट लावा. सैल बाह्या, मफलर, गळ्यातली दोरी घालून जवळ जाऊ नका.

पहिल्या दिवसाच्या कामानंतर चेन सैल वाटेल, एकदा ताणून घ्या. मग सवड मिळेल तेव्हा रंग लावा, पण फक्त सांगाड्याला. तळाचा आणि पट्ट्यांचा रंग पहिल्याच गाडीभर लाकडात खरवडून निघतो. रोज काम संपलं की मिनिटभर रिकामा चालवा, बंद करा आणि खालच्या चाकाखाली पडलेला ढलप्यांचा ढीग फावड्याने ओढून घ्या. चूल पेटवायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही.