सस्पेन्शनचे बोल्ट: आधी गाडी टेकवा, मग टॉर्क द्या

माझी २०१३ सालची स्विफ्ट. तिचे पुढचे दोन्ही लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारे दांडे, कोल्हापुरातल्या एका गॅरेजात बदलून घेतले. चार महिने झाले नाहीत तोवर पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या वळणावर डाव्या बाजूनं 'कट्' असा आवाज यायला लागला. गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घेऊन खालून बॅटरी मारली, तर नव्या बुशचं रबर गोल चिरलेलं. पार्ट अस्सल होता आणि बोल्टही घट्ट होता. चूक एकच झाली होती. गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर उचललेली, चाकं खाली लोंबकळतायत, आणि त्याच अवस्थेत हवेच्या गननं बोल्ट शेवटपर्यंत आवळले होते. ते मी उभा राहून बघितलं होतं आणि बोललो नव्हतो. ते अजून मनाला लागतं, कारण गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मशीन शॉपच्या इन्स्पेक्शन विभागात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला ते तिथंच सांगता यायला हवं होतं. म्हणून आता सविस्तर लिहितोय.

आधी बुश समजून घ्या. आर्म गाडीला जिथं जोडलेला असतो तिथला हा सांधा. मधे लोखंडी नळी, तिच्याभोवती रबर, बाहेर दुसरी नळी, आणि रबर दोन्ही नळ्यांना पक्कं चिकटवलेलं. बोल्ट आवळला की मधली नळी ब्रॅकेटच्या दोन कानांमधे जखडली जाते. ती फिरत नाही, फिरायचीही नसते. चाक वरखाली होतं तेव्हा आर्म हलतो तो रबराला पीळ देऊन. आता चाक लोंबकळत असताना नळी जखडली, तर रबराच्या लेखी तीच सरळ अवस्था ठरते. गाडी जमिनीवर उतरली की रबर पिळलेलं, दारात नुसती उभी असली तरी पिळलेलं. त्यावर बावड्याच्या रस्त्याचे खड्डे आणि उसाच्या ट्रॉल्यांनी सीझनमधे उखडलेल्या साइडपट्ट्या. रबर फाटणारच. आम्ही 'पार्ट हलका निघाला' म्हणून मोकळे होतो.

तर पहिला नियम असा, की रबरी बुशमधून जाणारा प्रत्येक बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच शेवटचा आवळायचा. लोअर आर्मचे सबफ्रेमकडचे (इंजिनाखालच्या चौकटीकडचे) बोल्ट, मागच्या अॅक्सलच्या पुढच्या बुशचे बोल्ट, मागच्या शॉकॉबचा (शॉक अब्सॉर्बरचा) खालचा बोल्ट, हे सगळे त्यात आले. बॉल जॉइंटचा (आर्मच्या बाहेरच्या टोकाच्या गोळीच्या सांध्याचा) नट, शॉकॉब नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) जोडणारे दोन बोल्ट, चाकाचे नट यांना हा नियम नाही, कारण तिथं पिळायला रबर नसतं.

या कामाला जुना खड्डा लिफ्टपेक्षा सरस आहे. वाय. पी. पोवार नगरात माझ्या मित्राच्या शेडमधे असा एक खड्डा आहे, कडेला फरशी, खाली उतरायला चार पायऱ्या. गाडी चारही चाकांवर उभी आणि माणूस खाली. वजन आपोआप जागेवर. उद्यमनगर, पोवार नगर भागात असे खड्डे अजून बुजवलेले नाहीत, त्याचा फायदा घ्या.

खड्डा नसेल तर घरीही जमतं, फक्त एक माप आधी घ्यावं लागतं. गाडी उचलायच्या आधी सपाट जागेवर उभी करा आणि टेपनं चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही बाजूंचं मोजा आणि खडूनं तिथंच लिहा. समजा ३७ सेंटिमीटर आलं. मग मागच्या चाकांना ओंडके लावा, गाडी उचला, बॉडीखाली घोड्या (जॅक स्टँड) द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही, दोन मिनिटांचं काम असलं तरी नाही. पार्ट बसवा, सगळे बोल्ट हातानं आणि मग रॅचेटनं टेकतील एवढेच ओढा. शेवटी दुसरा जॅक लोअर आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली, बॉल जॉइंटजवळ लाकडाचा तुकडा ठेवून लावा आणि हळूहळू वर घ्या. हबच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत पुन्हा ३७ आलं की थांबा. आता बुश खऱ्या जागेवर आहे, आता टॉर्क द्या, म्हणजे ठरलेल्या मापाच्या जोरानं आवळा. वर घेताना बॉडी घोडीवरून उचलली जात नाही ना याकडे दुसऱ्या माणसानं लक्ष ठेवावं. उचलायला लागली तर तिथंच सोडा आणि खड्डा शोधा.

आता टॉर्ककडे. माझ्या पुतण्याचं म्हणणं असं, "काका, हातालाच कळतंय की." मी विचारलं, "कळतंय म्हणजे किती?" आमच्या कारखान्यात एकदा तीन जुन्या फिटरांना मी एकाच मापाचे बोल्ट दिले आणि ९० न्यूटन मीटरला आवळा म्हटलं. पाना साधा, हात त्यांचा. नंतर तपासलं तर एकाचा ६५, एकाचा ११०, एकाचा १४०. तिघेही आपल्या कामात तरबेज होते. सरावानं हात एकसारखा होतो, पण तो कुठल्या आकड्यावर एकसारखा झालाय हे हाताला सांगता येत नाही.

बोल्ट म्हणजे अगदी ताठ स्प्रिंग. आवळला की केसभर लांबतो आणि परत आखूड व्हायच्या ओढीनं दोन भाग दाबून धरतो. त्या दाबामुळं जोड हलत नाही. कमी आवळला तर जोड सरकायला लागतो, बोल्टवर कापणारा भार येतो, तो आवाज करतो आणि शेवटी तुटतो. जास्त आवळला तर बोल्ट कायमचा ताणला जातो आणि दाब धरत नाही. हाताला मात्र दोन्ही 'घट्टच' लागतात. त्यात आपण लावलेल्या जोरातला साधारण दहावा हिस्साच बोल्ट ताणायला जातो, बाकीचा नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात संपतो. म्हणून आट्यांना ऑइल किंवा ग्रीस फासणं घातक आहे. घर्षण कमी झालं की त्याच आकड्याला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. सर्व्हिस मॅन्युअलमधे तेल लावा असं लिहिलं असेल तरच लावा. नाहीतर तारेच्या ब्रशनं आटे साफ करा आणि गंज सोडवणारा स्प्रे मारला असेल तर कोरड्या फडक्यानं पुसून घ्या.

आकडा कुठला? तुमच्या गाडीच्या, तुमच्या सालच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला. शेजाऱ्याच्या गाडीचा चालत नाही. एकाच गाडीत स्टॅबिलायझर लिंकचा (वळणावर गाडीचा झोल कमी करणाऱ्या दांड्याच्या जोडाचा) नट पन्नासच्या आसपास आणि सबफ्रेमचा बोल्ट शंभरच्या पुढं असू शकतो. एकक नीट वाचा. जुन्या पुस्तकांत किलोग्रॅम मीटर असतं, त्याला ९.८१ नं गुणलं की न्यूटन मीटर मिळतात, म्हणजे ९.५ चे ९३. बाजारातल्या पुष्कळ टॉर्क पान्यांवर (लावलेला आकडा गाठला की 'क्लिक' करणारे पाने) एका बाजूला फूट पाउंड आणि दुसऱ्या बाजूला न्यूटन मीटर असतं. ९५ न्यूटन मीटर द्यायचे होते आणि चुकून ९५ फूट पाउंडवर लावलं, तर बोल्टला १२९ न्यूटन मीटर बसतात. ही चूक मी अनुभवी लोकांकडून झालेली बघितली आहे.

काही ठिकाणी आकड्यापुढं अंशही दिलेले असतात, उदाहरणार्थ ५० न्यूटन मीटर आणि वर ९० अंश. म्हणजे आधी पन्नासला आवळायचं, मग खडूनं खूण करून पाव फेरा द्यायचा. असे बोल्ट बहुतेक वेळा मुद्दाम ताणले जाण्यासाठीच बनवलेले असतात. ते एकदा वापरले की संपले, नवे घ्या. नायलॉनची कडी असलेले नटही तसेच. तीस-चाळीस रुपये वाचवायला जुना नट परत लावू नका.

बोल्ट बदलायचाच असेल तर डोक्यावरचा आकडा बघा. ८.८, १०.९ असं कोरलेलं असतं. १०.९ म्हणजे तुटायची ताकद दर चौरस मिलिमीटरला साधारण १००० न्यूटन आणि त्याच्या ९० टक्क्यांवर कायमचा ताण. मूळ बोल्ट १०.९ चा असेल तर ८.८ चालत नाही, आणि डोकं कोरं असलेला बोल्ट तर गाडीला लावायचाच नाही. आट्यांमधलं अंतर पण जुळवा. १२ मिलिमीटरच्या बोल्टला १.२५ आणि १.५ मिलिमीटर असे दोन्ही आटे मिळतात, डोळ्यांना फरक कळत नाही, दोन-तीन फेरे जातातही, आणि मग सबफ्रेममधे वेल्ड केलेल्या नटाचे आटे कायमचे जातात. म्हणून निदान पाच फेरे बोटांनी फिरले पाहिजेत. बोटांनी अडला तर काढा, साफ करा, परत लावा. गननं 'बसवू' नका.

ज्यांच्या गाड्या २०१९ किंवा २०२१ च्या पुरात पाण्यात उभ्या होत्या, त्यांनी मागच्या अॅक्सलचे बोल्ट एकदा खोलून बघावेत. बोल्ट मधल्या नळीत गंजून एकजीव झालेला असतो. असा बोल्ट हातोड्यानं बाहेर काढून परत वापरला, तर टॉर्क पान्याचा क्लिक गंजाच्या अडकण्यानंच येतो, दाब काहीच बसत नाही. नळी साफ करा, बोल्ट नवा घाला.

पाना धरायची पद्धत. आकडा लावा आणि लॉक करा. मुठीच्या मधोमध धरा, टोकाला नको, आणि त्यावर पाईप तर कधीच नको. बोल्टचं डोकं दुसऱ्या पान्यानं धरून नट फिरवा. नट सबफ्रेममधेच वेल्ड केलेला असेल तिथं अर्थातच बोल्ट फिरतो. झटका न देता, सलग, सावकाश ओढा. क्लिक आला की थांबा. खात्रीसाठी परत दोनदा टक-टक करायची सवय पुष्कळांना असते. त्यानं दर वेळी थोडं जास्त बसतं. आणि नट अजिबात न हलता पहिल्याच ओढीला क्लिक आला, तर तो आधीच जास्त आवळलेला किंवा अडकलेला आहे. सैल करून पहिल्यापासून करा.

जागा अडचणीची असली की पान्याला पुढं जोड लावावा लागतो. सॉकेटचा उभा दांडा लावला तर आकडा बदलत नाही. पण पान्याच्या रेषेत पुढं येणारा जोड असेल तर लांबी वाढते आणि आकडा बदलतो. पाना मुठीच्या मध्यापर्यंत ४० सेंटिमीटर, जोड ५ सेंटिमीटर, हवे ९० न्यूटन मीटर: ९० गुणिले ४० भागिले ४५, म्हणजे पान्यावर ८० लावायचे. जोड पान्याला काटकोनात बसवता आला तर हा हिशेब लागत नाही.

स्टॅबिलायझर लिंकचा नट फिरवताना मधली पिन पण फिरते. तिच्या टोकाला अॅलन की बसते, ती धरून ठेवा, नाहीतर रबरी बूट फाटेल. दोन्ही लिंक दोन्ही चाकं एका पातळीवर असताना आवळा. बॉल जॉइंटला खाचांचा नट आणि स्प्लिट पिन असेल आणि टॉर्क दिल्यावर भोक जुळत नसेल, तर नट पुढच्या खाचेपर्यंत थोडा आणखी आवळा. मागं कधीच घेऊ नका. पिन नवीच घाला.

चाकाचे नट शेवटी, आडवेतिडवे क्रमानं, गाडी जमिनीला टेकवून. लहान गाड्यांना साधारण ८५ ते ११० च्या दरम्यान आकडा असतो, तुमचा पुस्तकात बघा. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर ते परत एकदा तपासा. सस्पेन्शनच्या बोल्टांना मात्र मी परत पाना लावत बसत नाही. टॉर्क दिल्या दिल्या नटावरून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली तर नट हलला. खड्ड्यात उतरून बॅटरी मारली की अर्ध्या मिनिटात कळतं.

शॉकॉबचे नकलकडचे बोल्ट सोडले असतील तर व्हील अलाइनमेंट करून घ्या. त्या भोकांत थोडी फट असते आणि चाकाचा कल बदलतो. लोअर आर्म बदलला तरीही करा.

आणि पान्याची काळजी. सैल करायला टॉर्क पाना वापरू नका, त्याला साधा दांडा आहे. काम झालं की आकडा सगळ्यात खालच्या खुणेवर आणून ठेवा, म्हणजे आतल्या स्प्रिंगवर ताण राहत नाही, पण खुणेच्याही खाली फिरवू नका. शक्यतो त्याच्या मापाच्या खालच्या पाचव्या हिश्श्यात वापरू नका, तिथं तो भरवशाचा नसतो. वर्षातून एकदा किंवा पाच हजार क्लिक झाले की कॅलिब्रेशन, म्हणजे पान्याचा आकडा खरा आहे का याची तपासणी, करून घ्यावं. एमआयडीसीतल्या मोजमापाच्या लॅबमधे ते होतं. पाना कधी फरशीवर पडला तर वर्षाची वाट बघू नका.

माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक कागद आहे. त्यावर बोल्टचं नाव, दिलेला टॉर्क, तारीख आणि किलोमीटर. बुश दुसऱ्यांदा बदलले तेव्हा डाव्या आर्मचे बोल्ट खड्ड्यावर आवळून पुतण्यानं स्वतःच्या हातानं ते आकडे लिहिले. त्यानंतर गाडी दोनदा बावड्याला, चारदा पन्हाळ्यावर जाऊन आली आणि पांढऱ्या रेघा जिथल्या तिथं आहेत.