उंदरांना घरटं करू द्या, ते कसं ते सांगते
लॅबमधे पांढरे उंदीर ठेवता ना, मग आधी त्यांच्या थंडीचं बघा. आपल्याला २२ डिग्रीत बरं वाटतं पण त्यांना साधारण ३० लागतं, म्हणून नुसता भुसा टाकून भागत नाही, प्रत्येक पिंजऱ्यात ८-१० ग्रॅम तरी कागदाच्या पट्ट्या द्या, मग बघा रात्रीत दातांनी फाडून फाडून कसं वाटीसारखं गोल घरटं करतात, वर छप्पर पण घालतात. सकाळी पट्ट्या तशाच पडलेल्या दिसल्या तर उंदीर नीट तपासा, काहीतरी दुखत असू शकतं. पिंजरा बदलताना जुनं कोरडं घरटं नव्यात न्या, त्याने नरांची मारामारी कमी होते, ओला भुसा मात्र नको. एक नळी पण ठेवा आणि त्यातूनच उचला, शेपटीला धरून प्लीज नको, फार घाबरतात.