इंटरफेरॉन दिसला नाही, म्हणजे विषाणूने तो दाबलाच असं नाही

विषाणूचा आरएनए ओळखणारं प्रथिन रिग-आय, त्याचा संदेश पुढे नेणारी मॅव्हज आणि आयआरएफ३, मग इंटरफेरॉन-बीटा, म्हणजे विषाणू शिरल्याचा इशारा देणारं प्रथिन; पुढे पेशीवरचा त्याचा रिसेप्टर, संदेश केंद्रकापर्यंत पोचवणारी जॅक आणि स्टॅट ही प्रथिनं आणि शेकडो विषाणूरोधक जनुकं. ही साखळी तुम्हाला पाठ आहे असं धरतो. रक्तस्रावी तापाच्या विषाणूंवर काम सुरू करणारे अडकतात ते या साखळीचे दोन भाग एकच समजल्यामुळे. इंटरफेरॉन तयार होणं हा एक भाग, तयार इंटरफेरॉनला पेशीने प्रतिसाद देणं हा दुसरा. विषाणू दोन्हीकडे घाव घालतात आणि त्यासाठी अनेकदा वेगवेगळी प्रथिनं वापरतात. इबोलाचं व्हीपी३५ द्विसूत्री आरएनए झाकून टाकतं, त्यामुळे रिग-आयला सुगावा लागत नाही. व्हीपी२४ मात्र स्टॅट१ला केंद्रकात शिरू देत नाही.

आता सगळ्यात मोठा सापळा: वेरो पेशी, म्हणजे माकडाच्या मूत्रपिंडापासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी. विषाणूचा साठा वाढवायला आणि प्लाक (विषाणूने मारलेल्या पेशींचे ठिपके) मोजायला त्या उत्तम, म्हणून इनक्युबेटरमध्ये कायम असतात, आणि म्हणूनच कुणीतरी सांगतं की प्रयोगही त्यांच्यातच उरकून घ्या. ऐकू नका. वेरोच्या १२व्या गुणसूत्राचा सुमारे ९० लाख बेसजोड्यांचा तुकडा गळालेला आहे आणि पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉनची (अल्फा, बीटा) जनुकं त्याच तुकड्यात होती. तिथे इंटरफेरॉन-बीटा शून्य येणारच, विषाणू घाला नाहीतर घालू नका. या शून्यावरून 'विषाणूने प्रतिसाद दाबला' असा निष्कर्ष लिहिला तर तो पूर्ण चुकीचा.

गोंधळ वाढतो तो वेरोत रिसेप्टर शाबूत असल्यामुळे. बाहेरून इंटरफेरॉन दिला की त्या व्यवस्थित प्रतिसाद देतात. म्हणजे दुसऱ्या भागाच्या प्रयोगांना वेरो चालतात, पहिल्या भागाला कधीच नाही. दुसऱ्या भागाचा कंट्रोल छान आला म्हणून पेशी ठीक आहेत असं वाटतं आणि महिने वाया जातात.

उपाय सोपा आहे. पहिल्या भागासाठी ए५४९ किंवा एचईके२९३टी या माणसाच्या पेशी घ्या आणि सेंदाई विषाणूचा इंटरफेरॉन जोरात चेतवणारा कॅन्टेल स्ट्रेन पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून प्रत्येक प्लेटवर ठेवा. चार वेल हव्यातच: काहीही न दिलेली, फक्त सेंदाई, फक्त तुमचं प्रथिन, आणि प्रथिनानंतर सेंदाई. पहिल्या दोनांत फरक नसेल तर पुढच्या दोनांकडे बघूच नका. शक्य असेल तर व्हीपी३५चा आर३१२ए उत्परिवर्तित (३१२वं अमिनो आम्ल बदललेला) नमुनाही ठेवा. द्विसूत्री आरएनएवरची त्याची पकड सुटते, म्हणून दाब कमी व्हायला हवा. पॉली आय:सी (कृत्रिम द्विसूत्री आरएनए) वापरत असाल तर एचईके२९३टीमध्ये ते ट्रान्सफेक्ट करावं, म्हणजे पेशीच्या आत पोचवावं लागतं, नुसतं माध्यमात टाकून भागत नाही.

आरटी-पीसीआरबद्दल (आरएनएचं डीएनएत रूपांतर करून तो मोजण्याची पद्धत) एक इशारा. इंटरफेरॉन-बीटाच्या जनुकात इन्ट्रॉन (आरएनएतून कापून टाकला जाणारा मधला तुकडा) नसतो. त्यामुळे प्रायमर कुठेही बसवले तरी जीनोमिक डीएनए आरएनएसारखाच वाढतो. डीएनएझ (डीएनए तोडणारं विकर) वापरा आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली नळी दर वेळी लावा. न चेतवलेल्या पेशींत सीटी (संकेत दिसेपर्यंतच्या पीसीआर आवर्तनांचा आकडा) ३५च्या पुढे गेला किंवा काहीच आलं नाही, तर घाबरू नका, तसंच असायला हवं. फक्त त्या आधारावर 'दहा हजार पट वाढ' असं छापू नका. आयएफआयटी१ हे विषाणूरोधक जनुक वाढलं म्हणून इंटरफेरॉनचा संदेश पोचला असंही म्हणू नका. आयआरएफ३ ते जनुक थेटही चालू करतं. त्यासाठी एमएक्स१ जास्त भरवशाचं.

दुसऱ्या भागात साधारण १००० युनिट प्रति मिली इंटरफेरॉन ३० मिनिटं द्या आणि स्टॅट१च्या ७०१व्या टायरोसीनवरचं फॉस्फोरिलेशन (फॉस्फेट जोडलं जाणं) पाहा. इथे नुसत्या वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन ओळखण्याची चाचणी) थांबणारे फसतात. इबोलाच्या व्हीपी२४मुळे फॉस्फोरिलेशन शाबूत राहतं, अडतो तो केंद्रकातला प्रवेश. तो फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो. मारबर्गमध्ये हेच काम व्हीपी४० करतं आणि तिथे फॉस्फोरिलेशनच होत नाही. दोन्ही विषाणू एकाच कुळातले, तरी एकाची पद्धत दुसऱ्यावर लादता येत नाही.

रिफ्ट व्हॅली तापाच्या विषाणूच्या एनएसएस या प्रथिनाबाबत तर ल्युसिफरेजचं (जनुक किती चालू आहे ते प्रकाशाने दाखवणारं विकर) गुणोत्तरच फसवं असतं. ते प्रथिन लिप्यंतराला लागणाऱ्या टीएफआयआयएचवर हल्ला करून पेशीचं बहुतेक लिप्यंतर थांबवतं, म्हणजे तुमचा रेनिला कंट्रोलही (तुलनेसाठी ठेवलेलं दुसरं ल्युसिफरेज) कोसळतो. गुणोत्तर काढण्याआधी रेनिलाचे मूळ आकडे पाहा. माझं ठाम मत: जो मार्गदर्शक तयार आलेख बघण्याआधी मूळ आकडे मागतो, तोच खरा मार्गदर्शक. त्याचा राग मानू नका.

उंदरांकडे वळणार असाल तर आधी प्रजातींचा फरक समजून घ्या. डेंगीच्या विषाणूचं एनएस५ हे प्रथिन माणसाचं स्टॅट२ नष्ट करतं, उंदराचं नाही. म्हणून डेंगीसाठी इंटरफेरॉन रिसेप्टर नसलेले उंदीर वापरावे लागतात. अशा उंदरांत विषाणूची इंटरफेरॉनविरोधी चाल तपासताच येत नाही, कारण अडवायला काही उरलेलंच नसतं. लस किंवा औषध तपासायला मात्र ते उपयोगी पडतात.

आणि रुग्णांच्या रक्तात इंटरफेरॉन भरपूर सापडला तर तुमचे पेशींतले निष्कर्ष खोटे ठरत नाहीत. जुनिन विषाणूच्या अर्जेंटिनी रक्तस्रावी तापात गंभीर रुग्णांत इंटरफेरॉन-अल्फा खूप वाढलेला असतो. संसर्ग झालेली पेशी आणि अख्खं शरीर यांची मोजमापं वेगळी आहेत. नमुना आजाराच्या कितव्या दिवशी घेतला, हे प्रत्येक आकड्याशेजारी लिहा.