चिनीमातीच्या जुन्या ताटावरचे पक्षी आणि फुले कशी वाचावीत

गोव्यातल्या कितीतरी जुन्या घरांत मकावमार्गे आलेली निळी-पांढरी चिनी भांडी आहेत. आमच्याकडचे असे एक ताट फक्त चवथीला, नेवऱ्या ठेवायला बाहेर निघायचे. त्यावरची नक्षी म्हणजे शुभेच्छा असते, हे मला फार उशिरा कळले.

आधी ताट कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने पुसा. सोनेरी काम असेल तर घासू नका. सोने झिलईच्या वर लावलेले असते, ते निघून जाते.

मग पक्षी ओळखा. इथे घाई नको. लांब पायांचा पक्षी मान सरळ ताणून उडत असेल तर तो क्रौंच, म्हणजे दीर्घायुष्य. बगळा मान दुमडून उडतो. आपल्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतात, रोज पाहतो तसा. बदकांची जोडी असेल तर नराच्या पाठीवर शिडासारखी उभी पिसे शोधा. ती दिसली की ती मंदारिन बदके, सुखी संसाराचे चिन्ह. काळा-पांढरा, लांब शेपटीचा पक्षी आपल्याला दयाळ वाटेल, पण तो मॅगपाय. त्याच्या चिनी नावातच आनंद आहे.

आता फूल पाहा. पिओनी म्हणजे वैभव, आणि ती वसंताची. प्लमचा बहर हिवाळ्याचा, कमळ उन्हाळ्याचे, शेवंती शरदाची. चारही फुले एकत्र असतील तर वर्षभर सुख लाभो, असा अर्थ.

खरी गंमत पुढे आहे. पक्षी आणि फूल एकत्र, मोठ्याने वाचायचे असतात, कारण चिनी भाषेत ही उच्चारांची कोटी असते. प्लम आणि भुवई दोन्ही ‘मेई’. म्हणून प्लमच्या फांदीवर बसलेला मॅगपाय म्हणजे आनंद भुवयांपर्यंत चढला! बगळा आणि वाट दोन्ही ‘लू’. कमळ आणि ‘एकामागून एक’ दोन्ही ‘ल्येन’. कमळांत उभा बगळा म्हणजे वाटेतल्या परीक्षा एकामागून एक उत्तीर्ण हो, असा आशीर्वाद. चीनमधल्या सरकारी नोकरीच्या त्या परीक्षा 1905 मध्ये बंद झाल्या, चित्र मात्र राहिले.

हीच किल्ली सगळीकडे लावू नका. पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वाड्यात दिसणारा रंगीत कोंबडा पोर्तुगालमधल्या बार्सेलुशचा. भाजलेला कोंबडा आरवला आणि निर्दोष माणूस फाशीतून सुटला, अशी त्याची दंतकथा.

ताटाच्या तळाची अक्षरे शेवटी पाहा आणि फक्त त्यांच्यावर विसंबू नका. जुन्या सम्राटांची नावे नंतरच्या भांड्यांवरही घालत असत.

वाचलेले सगळे चिठ्ठीवर लिहा, ताट कुणी आणले तेही लिहा. चिठ्ठी ताटाखाली ठेवा, चिकटपट्टीने चिकटवू नका.