इंग्लिश घराण्याची वंशावळ कशी शोधायची, अगदी सुरुवातीपासून

जावई इंग्लिश किंवा सून इंग्लिश असलेली आपली घरं आता यूकेत काही कमी नाहीत. नातवंडांना शाळेत फॅमिली ट्री काढायला सांगितलं की आपल्या बाजूचं पटकन होतं, मूळ गाव, कुलदैवत, पणजोबांचं नाव, फारच अडलं तर त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींची वही आहेच, पण दुसऱ्या बाजूला "ग्रँडपाचे वडील कुठल्यातरी मिलमध्ये होते बहुतेक" यावर गाडी अडते. तिकडे साध्या घरांचं अख्खं घराणं एका ठिकाणी लिहून ठेवणारं कोणी नाही, पण एकेका माणसाच्या जन्माची, लग्नाची, मरणाची नोंद इतक्या ठिकाणी झालेली असते की शेतमजुराचं घराणंसुद्धा चिकाटी असेल तर १८व्या शतकापर्यंत नेता येतं. मला या कामाची मनापासून आवड आहे, आणि बरेच जण सुरुवातच चुकीची करतात म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट, आडनाव टाकून थेट १७०० सालात उडी मारायची नाही. आज जिवंत असलेल्या माणसापासून एकेक पिढी मागे जायचं, आणि एक पिढी पक्की झाल्याशिवाय पुढच्या पिढीला हात लावायचा नाही. ऑनलाइन दुसऱ्यांनी बनवलेली तयार झाडं दिसतील, एका क्लिकमध्ये दोनशे माणसं आपल्या झाडात येतात, मोह होतोच, पण त्यातली अर्धी एकमेकांकडून कॉपी केलेली असतात आणि मूळ चूक सगळीकडे तीच. सुगावा म्हणून बघा, पुरावा म्हणून नको.

सुरुवात घरातूनच करा. म्हातारी आत्या, काका जे कोणी असेल त्यांच्याकडे चहाला जा, फोटोच्या मागे काय लिहिलंय बघा, जुनं फॅमिली बायबल असेल तर त्याच्या पहिल्या पानावर मुलांच्या जन्मतारखा असायच्या, अंत्यविधीची कार्डं, सैन्यातली मेडल्स (पहिल्या महायुद्धातल्या मेडलच्या कडेवर बहुतेक वेळा नंबर आणि नाव कोरलेलं असतं). कागद सापडतात पण माणसं गेली की गेली, त्यामुळे हे आधी.

मग सरकारी नोंदी. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ला सुरू झाली, स्कॉटलंडचं वेगळं, तिथे १८५५पासून, आणि आयर्लंडचं तर पूर्णच वेगळं प्रकरण आहे त्यामुळे घराणं नक्की कुठलं ते आधी विचारा. या नोंदींची नाववार यादी म्हणजे इंडेक्स, तो तिमाहीप्रमाणे लावलेला असतो, मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. जन्म नोंदवायला ४२ दिवसांची मुदत होती, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी जन्मलेलं मूल पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत सापडू शकतं, वर्ष चुकलं असं समजून सोडून देऊ नका. हा इंडेक्स शोधायला फ्रीबीएमडी ही साइट फुकट आहे, पण जन्मासाठी मी आधी जनरल रजिस्टर ऑफिसचा म्हणजे जीआरओचा स्वतःचा ऑनलाइन इंडेक्स बघायला सांगीन, कारण जुन्या छापील इंडेक्समध्ये आईचं माहेरचं आडनाव १९११च्या सप्टेंबर तिमाहीपासून दिसतं आणि जीआरओच्या ऑनलाइन इंडेक्समध्ये ते थेट १८३७पासून आहे. यामुळे काय होतं की नवरा-बायकोची दोन आडनावं टाकली की त्यांची सगळी मुलं एका झटक्यात समोर येतात, लहानपणीच गेलेलीसुद्धा. आईच्या आडनावाच्या जागी नुसती रेघ असेल तर बहुतेक वेळा आईबापांचं लग्न झालेलं नव्हतं.

इंडेक्स म्हणजे नोंद नाही हे लक्षात ठेवा, मूळ कागद मागवायचाच. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींची डिजिटल इमेज पूर्ण सर्टिफिकेटपेक्षा बरीच स्वस्त पडते. लग्नाचं तसं नाही, पण चर्चमध्ये लागलेल्या लग्नाचं रजिस्टर बरेचदा अ‍ॅन्सेस्ट्री किंवा फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या साइट्सवर स्कॅन केलेलं असतं, आधी तिथे बघा, पैसे वाचतात.

आता कागद हातात आला की नाव आणि तारीख बघून बाजूला ठेवू नका, प्रत्येक कॉलम वाचा. जन्माच्या नोंदीत तारखेबरोबर वेळ लिहिलेली असेल तर जुळं असण्याची दाट शक्यता, इंग्लंडमध्ये एरवी वेळ लिहीत नसत, मग त्याच दिवशीचं दुसरं भावंड शोधा. बापाचा कॉलम कोरा असेल तर तो का ते आता कळलंच. नोंद करायला कोण आलं होतं त्याचं नाव, नातं आणि पत्ता शेवटी असतो, आजी आलेली असेल तर एक पिढी फुकटात मिळाली. सहीच्या जागी फुली असेल तर नोंद द्यायला आलेल्या माणसाला बहुधा लिहिता येत नव्हतं, म्हणजे आडनावाचं स्पेलिंग रजिस्ट्रारने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय, तेव्हा स्पेलिंगला चिकटून बसू नका. लग्नाच्या सर्टिफिकेटवर दोघांच्या वडिलांची नावं आणि धंदा असतो (आयांची नावं लिहायला २०२१ उजाडावं लागलं, याचा मला खरंच राग येतो, कारण कित्येक बायका केवळ त्यामुळे हरवल्यात). वयाच्या जागी आकडा न लिहिता "फुल एज" लिहिलं असेल तर त्याचा अर्थ फक्त २१ पूर्ण, चाळीसही असू शकतं. साक्षीदारांची नावं उतरवून घ्याच, बहुतेक वेळा भाऊ-बहीण असतात.

दुसरा मोठा आधार म्हणजे जनगणना. दर दहा वर्षांनी व्हायची, नावांसकट मिळते ती १८४१पासून, आणि शंभर वर्षं बंद ठेवतात त्यामुळे आत्ता १९२१पर्यंतची बघता येते. १९३१ची १९४२च्या आगीत जळाली, १९४१ची युद्धामुळे झालीच नाही, म्हणजे यानंतरची थेट १९५१ची. मधली पोकळी भरायला १९३९चं रजिस्टर आहे, सप्टेंबर १९३९मध्ये रेशन आणि ओळखपत्रांसाठी घरोघर केलेलं, त्यात पूर्ण जन्मतारीख असते. आणि हेच रजिस्टर पुढे आरोग्यसेवेसाठी वापरत राहिले म्हणून कुमारिकेच्या नावापुढे नंतरचं सासरचं आडनाव वरून लिहिलेलं सापडतं, हे सोनं आहे सोनं. काही ओळी झाकलेल्या दिसतील, ती माणसं अजून हयात असू शकतात म्हणून.

एक उदाहरण घेऊन बघू. समजा लेस्टरशायरच्या हिंकलीतलं हॅरिस घराणं, नाव मी असंच घेतलंय. १८५१च्या पानावर विल्यम हॅरिस, कुटुंबप्रमुख, वय ३८, धंदा फ्रेमवर्क निटर म्हणजे घरातच मागावर मोजे विणणारा, त्या भागात तेव्हा गल्लीच्या गल्ली हेच करायची, बायको सीमर म्हणजे त्या मोज्यांची शिवण घालणारी, आठ वर्षांची पोरगीसुद्धा त्याच कामाला, आणि शेवटच्या कॉलममध्ये प्रत्येकाचं जन्मगाव. हा शेवटचा कॉलम सगळ्यात मोलाचा. पहिल्या दोन मुलांचा जन्म शेजारच्या गावातला आणि तिसऱ्यापासून हिंकलीतला असेल तर कुटुंब कधी हललं ते साधारण कळतं आणि लग्न कुठल्या चर्चमध्ये शोधायचं तेही. आता हेच लोक १८४१मध्ये शोधा, तिथे नातं लिहिलेलं नाही, जन्मगाव नाही, फक्त याच काउंटीत जन्म झाला का हो किंवा नाही एवढंच, आणि १५ वर्षांपुढच्या माणसांचं वय खालच्या पाचाच्या पटीत उतरवायचं असा हुकूम होता. म्हणजे १८५१ला ३८चा विल्यम १८४१ला २८ नाही, २५ दिसेल, बरोबर आहे ते. त्या पानावर नावांच्या शेजारी छोट्या तिरक्या रेघा असतात, दोन रेघा म्हणजे घर संपलं, एक रेघ म्हणजे त्याच घरातलं दुसरं कुटुंब. त्या न बघता लोक शेजाऱ्याची मुलं आपल्या झाडात घेतात.

१९०१पर्यंत आपण जे बघतो तो घरच्यांनी भरलेला कागद नाही, गणना करणाऱ्याने नंतर वहीत उतरवलेली प्रत आहे, त्यामुळे चुका गृहीत धरा. १९११पासून मात्र घरातल्या माणसाने स्वतः भरलेला कागद मिळतो, त्याच्या हस्ताक्षरात, आणि १९११च्या कागदात लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, किती जिवंत, किती गेली हेही विचारलंय. सात झाली, चार राहिली असं वाचलं की जीआरओच्या इंडेक्समध्ये जाऊन ती तीन नावं शोधा, त्यांनाही झाडात जागा द्या, माझं ठाम मत आहे.

१८३७च्या मागे गेलं की चर्चची रजिस्टरं. १५३८ला आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकुमाने सुरू झाली, पण इतकी जुनी सगळ्या गावांची टिकलेली नाहीत आणि १६४०-६०च्या यादवीच्या काळात तर मोठी भगदाडं आहेत. इथे दोन तारखा पाठ करा. १७५४पासून लग्नाची नोंद ठरावीक नमुन्यात, सह्या आणि साक्षीदारांसकट, आणि १८३७पर्यंत क्वेकर आणि ज्यू सोडून बाकी सगळ्यांना, म्हणजे मेथडिस्ट असो की कॅथलिक, कायदेशीर लग्न अँग्लिकन चर्चमध्येच लावावं लागायचं. त्यामुळे बाप्तिस्मा चॅपलमध्ये (बाकीच्या पंथांचं प्रार्थनाघर) आणि लग्न पॅरिश चर्चमध्ये (पॅरिश म्हणजे एका अँग्लिकन चर्चच्या हद्दीतला भाग) असं दिसलं तर गोंधळू नका. दुसरी, १८१३पासून बाप्तिस्म्याचे छापील फॉर्म, त्यात बापाचा धंदा आणि राहायचं ठिकाण येतं. त्याआधी फक्त "जॉन, थॉमस आणि मेरीचा मुलगा" एवढ्यावर भागवायचं. रजिस्टर हरवलेलं किंवा उंदरांनी खाल्लेलं असेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवलेली प्रत काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात विचारा. आणि १७५२पर्यंत इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, तेव्हा रजिस्टरमधला फेब्रुवारी १७२० हा आपल्या हिशेबाने १७२१, नाहीतर लग्नाआधीच मूल झालं असा भलताच निष्कर्ष निघतो.

आता सगळ्यात अवघड भाग, एकाच नावाची माणसं. विल्यम, जॉन, थॉमस, मेरी, एलिझाबेथ, अ‍ॅन यातच अर्धा गाव संपतो. जन्मगाव जुळतंय, साल जुळतंय, म्हणून हाच आपला विल्यम असं धरू नका, त्या गावात आणि आजूबाजूच्या पाचसात मैलांत त्या वर्षांत बाप्तिस्मा झालेले सगळे विल्यम हॅरिस कागदावर मांडा आणि एकेकाचं पुढे काय झालं ते शोधा. पहिले दफनाच्या नोंदी बघा, एखादा दोन वर्षांचा असतानाच गेलेला असतो, आणि मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायची पद्धत होती म्हणून एकाच आईबापांचे दोन विल्यमही सापडतात. एखाद्याचं दुसऱ्याच बाईशी लग्न झालेलं आणि तो जनगणनेत वेगळ्या घरात जिवंत दिसतो, तोही गेला. असं करत करत उरतो तो आपला, आणि दोघं उरले तर दोघंही लिहून ठेवायचे, जबरदस्तीने एक निवडायचा नाही. मुलांची मधली नावं बघा, इंग्लिश लोक आजीचं माहेरचं आडनाव मधलं नाव म्हणून ठेवायचे, कित्येक गुंते त्यावरून सुटतात.

गरीब घराणं म्हणजे कागद कमी असं वाटतं, पण पॅरिशची गरिबांसाठीची कागदपत्रं जरूर बघा. १६६२च्या कायद्याने मदत मागणाऱ्याची जबाबदारी त्याच्या हक्काच्या पॅरिशवर टाकली, म्हणून नवीन गावात आलेल्या मजुराची अधिकारी चौकशी करायचे, जन्म कुठला, कोणाकडे वर्षभर चाकरी केली, शिकाऊ कुठे होतास, आणि हे सगळं त्याच्याच तोंडून आलेलं अर्ध्या पानात लिहिलेलं असतं. श्रीमंतांची मृत्युपत्रं असतात, ती १८५८पासून सरकारी प्रोबेटमध्ये म्हणजे मृत्युपत्रं मंजूर करणाऱ्या यंत्रणेत आणि त्याआधीची चर्चच्या कोर्टांत, त्यातल्या सर्वांत मोठ्या कँटरबरी कोर्टाची लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत.

आणि घराण्यातला कोणी हिंदुस्थानात होता असं घरात बोललं जात असेल तर ते सोडू नका. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या प्रती लंडनला जायच्या, त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये एन-३ या मालिकेत आहेत, फाइंडमायपास्टवरही बऱ्याच दिसतात. पुणे, खडकी, नगर, देवळाली इथल्या छावण्या, इगतपुरी-भुसावळची रेल्वेची कुटुंबं, सगळी त्यात शोधायची. फिबिस नावाची संस्था फक्त अशाच कुटुंबांवर काम करते, त्यांचा डेटाबेस बघा. आणि नातेवाईक पुण्या-मुंबईत असतील तर जुन्या दफनभूमीत त्यांना पाठवा, पण ऑफिसात परवानगी घेऊन, आणि दगडावर खडू किंवा तारेचा ब्रश अजिबात नको, झिजलेली अक्षरं तिरक्या उन्हात साध्या फोनवरही नीट येतात. दगडाच्या चारही बाजूंचे फोटो, शेजारच्या दोन-तीन थडग्यांचेही कारण घरची माणसं जवळजवळच पुरायचे, आणि प्लॉटचा नंबर फोटोबरोबर लगेच लिहून ठेवायला सांगा.